होल्टांच्या घरातली बाई

अहो, मी बरोबर होते! निम्मी का होईना, पण बरोबर होते. राहिलेले निम्मे तुम्ही. आता यावर कडाकडा भांडायचं सोडून तुम्ही भिंतीवर हार घालून बसलाय, याला काय म्हणायचं? काल संध्याकाळी कागद वाचून झाले आणि मी सवयीनं तुमच्या खुर्चीकडं वळून "बघा, सांगत नव्हते?" असं ओरडलेसुद्धा. खुर्चीत धुतलेल्या चादरींची चळत होती. रूथ दचकली, सुभाष माझ्याकडं बघत राहिला. मग मला रडू आलं आणि रडता रडता हसू आलं. कालपासून माझं असंच चाललंय.

तेरावा झाला, पाहुणे पांगले. शेजारच्या काकू सकाळी चहा घेऊन आल्या आणि माझं तोंड बघून घाबरल्या. "शालनबाई, बरं हाय न्हवं? चेहरा कसा फुललाय तुमचा," म्हणाल्या. त्यांना काय सांगू, की अमेरिकेतल्या, शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी मेलेल्या एका बाईचं नाव मला कळलं म्हणून? वेड लागलं म्हणतील. हे कळणारा माणूस जगात एकच होता. म्हणून तुम्हालाच सांगते. तुम्ही म्हणायचा, बाई, तुझी साक्ष म्हणजे शेपटाकडनं सुरुवात. तर आज तोंडाकडनं सांगते. मधे बोलू नका.

सुभाषचं ते पत्र आठवतंय? 'इथं रूथ होल्ट नावाची मुलगी आहे, शाळेत शिकवते, आम्ही लग्न करायचं म्हणतोय, तुमची परवानगी हवी.' तुम्ही ते वाचलंत, घडी घालून सदऱ्याच्या खिशात ठेवलंत आणि जेवायला बसलात. मला वाटलं, आता घरात रणकंदन होणार. झालं काहीच नाही. रणकंदन केलं ते थोरल्या भावजींनी. माळशिरसहून खास एसटी पकडून आले आणि दारातच सुरू झाले, "पोरगी गोरी असंल न्हाईतर हिरवी असंल, मला काय बी न्हाई. पन कूळ न्हाई, मूळ न्हाई. उद्या हेळवी आला की त्येला काय सांगायचं?"

हेळवी म्हणजे तुमच्या घराण्याचा जीव की प्राण. बैल घेऊन दोन-तीन वर्षांनी गावात यायचा, ओसरीवर बसून तुमच्या पिढ्या घडाघडा म्हणून दाखवायचा, नवीन जन्मलेल्यांची नावं टिपून घ्यायचा आणि धान्य, कापड घेऊन जायचा. नावं सगळी बाप्यांची, बाईचं एकही नाही. अमक्याचा तमका, तमक्याचा ढमका. तुम्ही सोलापुरात येऊन कोर्टात कारकून झालात, तरी हेळव्याचं नाव निघालं की ताठ बसायचा.

भावजींना वाटलं, आता तुम्ही नकार देणार. तुम्ही शांतपणे पान जमवत म्हणालात, "कूळ हाय का न्हाई ते चौकशी केल्याबिगर कसं कळंल, दादा?" आणि त्या पोरीला थेट पत्र टाकलंत. कोर्टातल्या इंग्रजीत! आपल्या घराण्याची शक्य तितक्या पिढ्यांची माहिती पुराव्यानिशी पाठवावी, म्हणून. मी कपाळाला हात लावला. म्हटलं, गेली ही पोरगी आपल्या हातची.

तर कसलं काय! महिन्याभरात हे जाडजूड पाकीट. हरखून गेली होती पोरगी. लिहिलं होतं, मला आजवर हे कुणी विचारलंच नाही. बाप, आजा, पणजा आणि खापरपणजा एवढी नावं तिनं दिली होती. खापरपणज्याचं थडगं गावातल्या चर्चच्या आवारात आहे, त्यावर नाव कोरलंय, जोसाया टटल होल्ट. त्याच्यामागं काळोख. पण मोठ्या गावातल्या ग्रंथालयात जुन्या खानेसुमारीच्या फिल्मा आहेत, जिल्ह्याच्या कचेरीत मृत्युपत्रं आहेत, उन्हाळ्याच्या सुट्टीत मी शोधते, असं खाली लिहिलं होतं. 'मृत्युपत्रं' हा शब्द वाचून तुमच्या डोळ्यांत जी चमक आली, ती मी आपल्या लग्नातही बघितली नव्हती.

हसू नका. खरं तेच सांगते.

मृत्युपत्रं हे तुमचं रान. आयुष्यभर कोर्टात त्यांच्या नकला करत आलात. आणि खानेसुमारी हे माझं. एकाहत्तरच्या शिरगणतीला आम्हा शाळेतल्या सगळ्या बायकांना जुंपलं होतं, मी गल्ल्यांमधून पाय मोडेस्तोवर फिरले होते. असं आपण दोघं बसलो की! संध्याकाळी मी वह्या तपासून उठले की तुम्ही भिंग घेऊन तयार. तुम्ही इंग्रजी वाचायचं, मराठीत सांगायचं, मी शंका काढायच्या. एवढी वर्षं संसार केला पण आपण इतकं कधी बोललो नव्हतो, खरं सांगते. भाजी, पगार, सुभाषची फी, पाहुणे, यापलीकडं आपलं बोलणं कुठं गेलं होतं? त्या होल्टांनी आपल्याला बोलायला लावलं.

आणि पहिल्याच पायरीवर आपण कसे आपटलो! तुम्ही पेन्सिलीनं मोठ्या थाटात लिहिलंत: जोसाया, बापाचं नाव टटल, आडनाव होल्ट. "सरळ हाय," म्हणालात. मलाही सरळच वाटलं. मधलं नाव बापाचं नसेल तर कुणाचं असणार? सुभाषच्या मधे तुमचं नाव आहे, तुमच्या मधे मामंजींचं. तुम्ही रूथला लिहिलंत, टटल होल्ट या इसमाचा शोध घ्यावा. ती बिचारी शोधत बसली. तिला वाटलं, सासरे कोर्टातले, त्यांना काहीतरी धागा सापडलेला दिसतोय. पत्रावर पत्र. त्या गावात टटल होल्ट नाही. शेजारच्या गावात नाही. जिल्ह्यात नाही. एका पत्राबरोबर तिनं ॲबनर होल्ट नावाच्या माणसाचं मृत्युपत्र पाठवलं, त्यात जोसाया नावाचा मुलगा होता, गाव तेच होतं. तुम्ही ते वाचलंत आणि बाजूला टाकलंत. "ह्यो दुसरा जोसाया. ह्येचा बाप ॲबनर. आपल्या जोसायाचा बाप टटल."

आठवून आठवून हसतेय मी. खरा बाप हातात आला होता, आणि आपण त्याला ट्रंकेखाली घातला!

किती महिने गेले कुणास ठाऊक. शेवटी रूथनंच भीत भीत लिहिलं, की तुमच्या पत्रावरून मला वाटतंय, मधलं नाव बापाचं असतं असा आपला समज आहे का? आमच्याकडं तसं नसतं. तुम्ही ते पत्र मला वाचून दाखवलंत. मग म्हणालात, "मग बापाचं नाव लावत्यात कुटं?"

"लावतच नसतील," मी म्हटलं.

"आसं कसं? मानसाला बापाचं नाव न्हाई?"

त्या दिवशी तुम्हाला भाकरी गोड लागली नाही. एवढा मोठा देश, चंद्रावर माणसं पाठवली, आणि बापाचं नाव लावत नाहीत, असं स्वतःशीच पुटपुटत होतात. मला मात्र दुसरंच खटकत होतं. "ते सगळं असू द्या," मी म्हटलं, "पण मग ते टटल आलं कुठनं?"

हा प्रश्न माझा होता. लक्षात असू द्या. तुम्ही भावजींना सांगताना 'आम्ही विचारलं' असं सांगितलंत, ते मी ऐकलंय.

रूथचं उत्तर आलं आणि आपण दोघंही उठून उभे राहिलो. त्या काळी तिकडं पुष्कळ घरांत पोराला मधलं नाव म्हणून आईच्या माहेरचं आडनाव देत. आईच्या! तुमचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. ट्रंक सरकवून तुम्ही ॲबनरला बाहेर काढलात, धोतराच्या सोग्यानं धूळ पुसलीत, आणि त्याची अशी क्षमा मागितलीत की जणू तो समोर उभा आहे.

लग्नाला परवानगी मात्र तुम्ही त्याआधीच देऊन टाकली होती. कशी, तर 'चौकशी चालू ठेवून विवाहास हरकत नाही'. सुभाष म्हणतो, ते पत्र रूथनं चौकटीत घालून भिंतीवर लावलंय.

आणि मग ॲबनरच्या मृत्युपत्रातनं ती बाई आपल्या घरात शिरली.

तुम्ही केलेलं त्याचं मराठी मला पाठ आहे. 'माझ्या प्रिय पत्नीस, ती माझी विधवा म्हणून राहील तोवर, घरातील पूर्वेकडील खोली, एक गाय, आणि तिने येताना आणलेले अंथरूण-पांघरूण.' बस. पुढं मुलांची नावं एकेक करून. घोडीचा रंगसुद्धा लिहिला होता, पण बायकोचं नाव नाही. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तुम्ही मला समजावत होतात, की मृत्युपत्रात काय दिलंय ते कुणीही वाचतो, काय दिलेलं नाही ते वाचायला शिक. ते मी तुमच्याकडनं शिकले आणि जन्मभर विसरणार नाही. पण त्या वेळी मी म्हटलं होतं, "काय दिलं नाही ते दिसतंय की! नाव दिलं नाही मेल्यानं."

मग अठराशे वीसची खानेसुमारी आली. त्या वेळच्या खानेसुमारीत नाव फक्त कारभाऱ्याचं, बाकी सगळ्या माणसांचे वयाच्या रकान्यात नुसते आकडे. ॲबनरच्या घरात बायकांमधे एकच आकडा, सोळाच्या वर आणि सव्विसाच्या आत. मुलग्यांमधे एक दहाच्या वरचा, तो आपला जोसाया. तुम्ही भिंग खाली ठेवलंत आणि निकाल देऊन टाकलात, "सव्वीस बी पुरी न्हाई आनि पोरगं मिसरूड फुटायला आलेलं. ही त्येची आई न्हवं. सावत्र हाय. म्हनून तर तिचं अंथरून तिला परत दिलंय."

मी उसळले. म्हटलं, खानेसुमारीतलं वय म्हणजे काय ब्रह्मवाक्य? मी घरोघर हिंडलेय. दारात उभं राहून 'वय किती?' विचारलं की बायका काय म्हणतात, ऐकायचंय? एक आजीबाई मला म्हणाली, "लिवा की तुमच्या मनानं." म्हटलं, मनानं नाही लिहिता येत, अंदाजे सांगा. तर म्हणते, "थोरला ल्योक तिशीचा हाय, मग मी असंन की पस्तिशीची!" तुम्ही पोट धरून हसलात, पण निकाल बदलला नाहीत. कागदावर लिहिलंय ते लिहिलंय. मी म्हणत होते, ती आईच आहे, वय चुकलंय. तुम्ही म्हणत होतात, सावत्र.

रोज तेच. भाकरी थापताना मला काहीतरी सुचायचं, मी पीठ लागल्या हातानं बाहेर यायचे. तुम्ही दाढीला साबण लावून आत यायचा. शेवटी एक दिवस तुम्ही चिडून म्हणालात, "अगं, सावत्र ती सावत्र! कागदाला मायाबिया कळत न्हाई."

तुम्ही होल्टांबद्दल बोलत होतात. मला माहीत आहे. पण ते लागलं ते मला लागलं.

आक्का गेली तेव्हा सुभाष चालायला शिकत होता. आक्का माझी सख्खी थोरली बहीण, तुमची पहिली बायको. वर्ष व्हायच्या आत माझ्या वडिलांनी, तात्यांनी, मला याच घरात दिली, पोराला परकी नको म्हणून. मला कुणी विचारलं नाही, तुम्हालाही कुणी विचारलं नसणार. सुभाष आधीपासून मला मावशी म्हणायचा, तसाच म्हणत राहिला. बायका सांगायच्या, त्याला आई म्हणायला लाव. मी लावलं नाही. आई आक्का होती, ते नाव मी कशी घेऊ? मला पोटचं झालं नाही, त्याचीही मला कधी खंत वाटली नाही. हा एक होता की. त्याच्या गोवरात मी उशाशी बसले, त्याच्या शाळेत मी गेले, पोह्यातल्या मिरच्या मी वेचून काढल्या. आणि तुम्ही म्हणता, कागदाला माया कळत नाही!

मी दोन दिवस तुमच्याशी तुटक वागले. तुमच्या लक्षात आलं होतं. तिसऱ्या दिवशी तुम्ही माझ्यासाठी गजरा आणलात, फळीवर ठेवलात. मी माळला. तो विषय दोघांनीही तिथंच सोडला. आपल्याला वाटलं, रूथचे कागद आले की परत भांडू, तेव्हा निघेल. तुम्ही दुपारी जेवून आडवे झालात ते उठलाच नाहीत.

दहाव्याला भावजी मला बाजूला घेऊन म्हणाले, "शालन, आता तुजं कसं? सुभाष काय तुज्या पोटचा न्हाई. बाप हुता तवर गोष्ट येगळी. माळशिरसला चल, आमच्यात ऱ्हा." वाईट मनानं नव्हे, मायेनंच म्हणाले. पण ते माझ्या मनातनं जाईना. सगळ्या विधींत मी बसले होते, पिठाचे गोळे, दर्भ, कावळ्याची वाट, आणि डोक्यात एकच. तुम्ही होता तोवर मी तुमची बायको होते. आता मी या पोराची कोण? पूर्वेकडची खोली आणि अंथरूण-पांघरूण, एवढीच का?

सुभाष आणि रूथ विमानानं, रेल्वेनं, जमेल तसे येऊन पोचले होते. रूथ माझी साडी नेसली होती, निऱ्या कुणीतरी उलट्या घातलेल्या. सबंध घरात ती कुणाच्या अध्यात ना मध्यात, भांडी घासू का विचारायची. सगळे गेल्यावर काल संध्याकाळी ती माझ्याजवळ येऊन बसली आणि तिच्या मोडक्यातोडक्या मराठीत म्हणाली, "मावशी, कागद. बाबांचे." तुम्ही गेल्याची तार पोचायच्या दोन दिवस आधी तिला ते मिळाले होते. तुम्हाला पोस्टात टाकणार होती. तसेच पिशवीत घालून घेऊन आली.

माझं इंग्रजी तुम्हाला ठाऊक आहे, पाटीवरच्या मुळाक्षरांपुरतं. म्हणून वाचायला सुभाषला बसवला. त्यानं कधी आपल्या या उद्योगात लक्ष घातलं नव्हतं, उलट हसायचा. तर तो वाचायला लागला, आणि मी तुमच्या खुर्चीशेजारी पाटावर.

आता ऐका. तुम्ही टटलला बाप समजलात ना, त्यात आपलं नशीब उघडलं! तो टटल होल्ट शोधताना रूथनं त्या गावातला टटल नावाचा एकूण एक माणूस उतरवून ठेवला होता, आडनावाचेसुद्धा. आणि होल्टांच्या घरापासून दोन घरं सोडून म्हातारा एलिशा टटल. खानेसुमारी करणारा घरोघर चालत जातो, यादीतला शेजार म्हणजे खरा शेजार, हे मी तुम्हाला किती वेळा सांगितलं होतं! रूथ सुट्टी घेऊन त्या कचेरीत गेली आणि एलिशा टटलचं मृत्युपत्र काढून आणलं.

सुभाष वाचत होता, "माझी मुलगी मर्सी, जी आता ॲबनर होल्ट याची पत्नी आहे, तिला माझा कापड विणायचा माग..." माग, अहो! मागांच्या सोलापुरात बसून ऐकला तो! मी टाळी वाजवली. नाव मिळालं, मर्सी. सुभाष म्हणाला, म्हणजे दया. मी म्हटलं, पुढं वाच, पुढं. "आणि माझी मयत मुलगी पेशन्स हिचा मुलगा जोसाया यास माझ्या सहा मेंढ्या."

माझ्या लक्षात यायला थोडा वेळ लागला. मयत मुलगी पेशन्स, जोसायाची आई. आणि मर्सी, आत्ताची बायको. दोघी एकाच बापाच्या लेकी! थोरली मेली, तिच्या जागी धाकटी दिली. दोन घरं सोडून माहेर, तिथनं आपलं अंथरूण काखोटीला मारून आली असणार ती, बहिणीच्या पोरासाठी.

"माय मरो पण मावशी जगो!" मी मोठ्यानं ओरडले. रूथ विचारते, काय, काय? सुभाषनं तिला म्हणीचा अर्थ सांगितला. मी तिला सांगितलं, थांब, मी पण सांगते, आणि हातवारे करून सगळं सांगितलं. आक्का, मी, तात्या, हे घर. तिला बऱ्यापैकी माहीत होतं. पण तिनं माझा हात धरला तो सोडलाच नाही.

तर सावत्र. तुम्ही जिंकलात. घ्या. पण थांबा, उठू नका, अजून एक कागद आहे.

अठराशे पन्नासची खानेसुमारी. या खेपेला पहिल्यांदा घरातल्या सगळ्यांची नावं लिहिलीयत, बायकांचीसुद्धा. जोसाया होल्ट, शेतकरी, आता चाळिशी ओलांडलेला. त्याची बायको. पोरं. थोरल्या लेकीचं नाव काय असेल? मर्सी! आणि सगळ्यांच्या खाली, शेवटच्या ओळीवर, मर्सी होल्ट, वय सहासष्ट.

करा वजाबाकी. अठराशे वीसला ती छत्तीस वर्षांची घोडी होती! सव्विसाच्या आत म्हणे. कुणीतरी लिहिलं असेल आपल्या मनानं. वय चुकलं होतं, मी म्हणत होते तसंच. म्हणून म्हटलं, निम्मी मी बरोबर.

पण मला त्या वयाचं काही नव्हतं हो. मी सुभाषला म्हटलं, "म्हणजे ॲबनर मेल्यावर ती जोसायाकडं राहिली? पोटचा नसून?" नातं काय, हे त्या कागदात लिहिलेलंच नाही. आपल्या शिरगणतीत कारभाऱ्याशी नातं काय, हा रकाना असतो, मी स्वतः भरलाय. त्यांच्याकडं तेव्हा तो नव्हता. रूथनं तेच दाखवलं, इथं लिहीत नसत. ती कोण होती त्याची, ते कागदावरनं कळायचं नाही. एवढं सगळं शोधलं, आणि नेमका तोच रकाना नाही!

सुभाष कागदावरनं मान वर करून माझ्याकडं बघायला लागला. एवढी वर्षं तिकडं राहिला तरी घरात बोलणं सोलापुरीच त्याचं. त्याला माझा प्रश्नच कळला नव्हता.

"मग?" म्हणाला. "दुसरीकडं कुटं ऱ्हाणार ती?"

एवढंच. असं म्हणाला की जणू मी विचारलं होतं, दिवस कुठनं उगवतो. आणि परत कागद वाचायला लागला, रूथला पोरांची नावं विचारायला लागला. मी उठले आणि चहा टाकायला म्हणून आत गेले. स्टोव्ह पेटवायचा राहिलाच, मी तिथं ओट्याला धरून उभी होते. अहो, मला वाटलं, ओरडून सगळ्या गल्लीला सांगावं. भावजींना तार करावी. तुम्हाला हलवून उठवावं.

तुम्ही असता तर म्हणाला असता, "बाई, ह्यो पुरावा न्हाई. पोरगं बोलता बोलता बोललं. कोर्टात टिकायचं न्हाई." नाही टिकलं तर नाही टिकलं. मला तेवढं बास आहे.